हललेलें चित्र : ठेवावें कीं पुसावें?

आमच्या घरांतील वाद बहुधा स्वयंपाकघरांत उत्पन्न होतात आणि ओसरीवर येऊन मिटतात. एक वाद मात्र दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत माडीवरच्या खोलींत उत्पन्न झाला आणि त्याचा निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. निवाडा आम्हीं केला, तो चुकला. कसा चुकला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों. ज्या घरांत हातीं कॅमेरा असलेलें एक तरी मूल आहे (आणि आतां असें नसलेलें घर कोणतें?) त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणारच.

आम्ही राहतों विष्णुपुरीस. नांदेडाहून गोदावरीच्या प्रवाहाविरुद्ध थोडें वर आलें म्हणजे आमचें गांव लागतें. येथें नदी अडवून शंकरसागर नांवाचा जलाशय केलेला आहे. नांदेडकरांच्या पिण्याचें पाणी येथूनच जातें, आणि कांठावर काळेश्वराचें जुनें देऊळ आहे. पावसाळ्यांत प्रकल्पाचे दरवाजे उघडतात त्या वेळीं गांवोगांवचे लोक पाणी पाहावयास येतात. पाणी निवळलें, थंडी पडूं लागली, म्हणजे पाणी पाहणारे जातात आणि पक्षी पाहणारे येतात. आमचा धाकटा नातू या दुसऱ्या वर्गांतला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. पण रविवारीं पहाटे त्याला शोधावयाचें झाल्यास अंथरुणांत न शोधतां जलाशयाच्या फुगवट्याच्या कांठीं शोधावें लागतें. आमच्या धाकट्या बंधूंनीं सेवानिवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून त्याला कॅमेरा आणि लांब पल्ल्याचें भिंग घेऊन दिलें. त्या भिंगाची खरी किंमत बंधूंनीं आमच्या भावजयीस अद्यापि सांगितलेली नाहीं, आणि हा अंक घरांत येणार असल्यामुळें आम्हीही ती येथें लिहीत नाहीं.

तीन हिवाळ्यांत त्यानें ३४ हजार चित्रें काढलीं. आंकडा वाचून वाचकांस मुलाच्या बुद्धीविषयीं शंका येईल, म्हणून येथेंच खुलासा करतों. हल्लींच्या चांगल्या कॅमेऱ्याची कळ दाबून धरली कीं एका सेकंदांत १० ते २० चित्रें निघतात. उडणाऱ्या पक्ष्यावर कळ दाबणें म्हणजे मूठभर चित्रें आकाशांत फेकणें होय. त्यांतलें एखादें लागतें. एकेक चित्र सुमारें २५ मेगाबाइट जागा खातें, आणि ३४ हजार चित्रांनीं एक टेराबाइटची डिस्क भरत आणली. नातवानें दुसरी मागितली. त्याचे वडील म्हणाले, "आधीं त्यांतला केर काढ, मग नवी माग." "बाबा, त्यांत केर कोणता हेंच कळत नाहीं," असें त्यानें उत्तर दिलें. उत्तर उद्धटपणाचें वाटलें म्हणून थोडी चकमक झाली, आणि शेवटीं बापलेकांचें असें ठरलें कीं आजोबा सांगतील तें दोघांनीं मान्य करावें. आम्हीं ३६ वर्षें शाळेंत मुलांच्या वह्या तपासल्या. तेव्हां बरेंवाईट निवडण्याचा अधिकार आपोआपच आमच्याकडे येतो, अशी घरांतल्या सर्वांची समजूत. ती आमचीही होती.

आम्हीं तीन कसोट्या लावल्या. पक्ष्याचा डोळा स्पष्ट नसेल तर चित्र बाद. पंख, चोंच वा शेपूट चौकटीबाहेर कापली गेली असेल तर बाद. पक्षी पाठमोरा असेल तर बाद. नातू संगणकावर चित्र पुढें सरकवी आणि आम्ही आरामखुर्चींतून "ठेव", "पूस" असें सांगत असूं. आरंभीं तो क्वचित् "आजोबा, हें राहूं द्या ना" असें म्हणे. पुढें पुढें म्हणेनासा झाला. सुटी संपावयाच्या आंत ३४ हजारांचीं १,९०० राहिलीं. जीं राहिलीं तीं खरोखर देखणीं होतीं. भावजयींनीं कौतुकानें चहा केला, चिरंजीवांनीं "हें तुम्हांलाच जमावें" असें म्हटलें, आणि दुसऱ्या डिस्कचा विषय मागें पडला.

माघ महिन्यांत आमचे एक परिचित गृहस्थ घरीं आले. पक्षिनिरीक्षणाचा त्यांना फार वर्षांचा नाद. आम्हीं अभिमानानें त्यांच्यापुढें उरलेलीं चित्रें मांडलीं. त्यांत पट्टकादंबांचें एक होतें. पांच पक्षी तिरप्या रांगेनें उडत आहेत, ऊन नुकतेंच पडलेलें आहे, आणि पुढल्या पक्ष्याच्या मस्तकामागचे दोन काळे पट्टे मोजून घ्यावे इतके स्वच्छ आले आहेत. गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले, मग चष्मा पुसून म्हणाले, "गुरुजी, या तिसऱ्याच्या मानेशीं रंगीत असें काय आहे?" दुसऱ्या पक्ष्याच्या पंखाआड त्या तिसऱ्याची मान बहुतेक झांकली गेली होती; जी थोडी दिसत होती तिच्यावर कसली तरी रंगीत कडा होती. आम्हीं ती कधीं पाहिलीच नव्हती.

पट्टकादंब हे मंगोलिया, तिबेट इकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठीं आपल्याकडे येतात. मंगोलियांतील सरोवरांवर अभ्यासक कांहीं पक्ष्यांच्या मानेंत हलका पट्टा घालतात. त्यावर अक्षरें व आंकडे ठळक लिहिलेले असतात, ते दुर्बिणींतून वा छायाचित्रांतून वाचतां येतात, आणि वाचणाऱ्यानें कळविलें म्हणजे तो पक्षी कोठें व कोणत्या वर्षीं हातीं सांपडला होता तें त्यास कळतें. असे पट्टेवाले पक्षी हिवाळ्यांत महाराष्ट्रांतील तलावांवर दिसल्याच्या नोंदी आहेत. "याच्या मागचीं-पुढचीं चित्रें दाखव पाहूं," गृहस्थ नातवास म्हणाले. तीं नव्हतीं. त्या खेपेचीं एकंदर ११ चित्रें होतीं; त्यांतलीं १० आमच्या कसोटीस उतरलीं नव्हतीं. एकांत पहिला पक्षी निम्मा कापला गेला होता आणि सगळेच थोडे हललेले होते. पण तिसऱ्याची मान पुरती मोकळी होती, एवढें नातवास आठवत होतें, कारण तें राहावें असें त्याला वाटलें होतें. गृहस्थांना तो इतकेंच म्हणाला, "पुसलीं गेलीं." कोणी पुसविलीं तें त्यानें सांगितलें नाहीं. त्याचें तें न सांगणें आम्हांस फार लागलें.

पुसलेलीं चित्रें परत आणण्याचे जे उपाय असतात ते त्यानें त्या रात्रीं करून पाहिले. संगणकावर चित्र पुसलें म्हणजे तें लगेच नाहींसें होत नाहीं. त्याची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि तिच्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तें परत मिळण्याची आशा असते. येथें तीन महिन्यांचीं नवीं चित्रें त्या जागेवर येऊन बसलीं होतीं. आम्हीं त्याला म्हटलें, "अरे, चूक माझी झाली." तो म्हणाला, "आजोबा, पुसतांना मान मीही पाहिली नाहीं. आपण दोघेही डोळेच पाहत होतों."

त्यानंतर आम्ही त्याच्याबरोबर पहाटे पाण्यावर जाऊं लागलों. कांठावर बसून आम्हीं जें पाहिलें तें बव्हंशीं कवड्या खंड्याचें काम. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा हा धीवर पाण्यावर दोनतीन पुरुष उंचीवर एका जागीं पंख फडफडवीत थांबतो, चोंच खालीं रोखतो, आणि मग पंख मिटून दगडासारखा पडतो. त्याचा वेग सेकंदास १० मीटर धरला तर एका सेकंदाच्या २,००० व्या भागांत तो ५ मिलिमीटर सरकतो. शटर तितकें जलद असेल तर चित्र स्वच्छ येतें. पण पहाटे उजेड अपुरा असतो. शटर ५०० व्या भागावर आणावें लागलें कीं तोच पक्षी २ सेंटिमीटर सरकतो आणि चोंचीची रेघ होते. सेकंदास २० चित्रें काढणारा कॅमेरा असला तरी दोन चित्रांच्या दरम्यान पक्षी अर्धा मीटर खालीं आलेला असतो. चोंच पाण्यास टेकण्याचा जो क्षण, तो बहुधा या दोहोंमधल्या पोकळींत निसटतो. घरीं आरामखुर्चींत बसून आम्हीं जीं चित्रें बाद केलीं तीं अशा हिशेबांतून वांचून आलेलीं होतीं, हें आम्हांस तेथें बोटें गारठल्यावर समजलें.

आम्ही ज्यास सरसकट दोष म्हणत होतों त्यांतही जाति आहेत. भिंगाची नजर पक्ष्यावर न बसतां मागच्या लव्हाळ्यावर बसली, तर लव्हाळें रेखीव आणि पक्षी धुरकट येतो. अशा चित्रांत बहुधा कांहीं उरत नाहीं. परंतु डोळा स्थिर आणि पंखांचीं टोकें पुसट, असें चित्र आलें तर त्यास दोष म्हणणें हेंच चूक. पंख फडफडत होता हें त्या पुसटपणानेंच कळतें. सगळेंच गोठविलें तर धीवर दोऱ्यानें टांगलेल्या लांकडी खेळण्यासारखा दिसतो, आणि अशीं खेळणीं आम्हीं आमच्या १,९०० त पुष्कळ जपून ठेवलीं होतीं. अंधुक उजेडामुळें चित्रावर जे दाणे येतात ते तर दोषांतही जमा करूं नयेत. तो त्या पहाटेचा रंग आहे.

रिकाम्या चोंचीची गोष्ट याहून निराळी. धीवर बुडी मारतो तेव्हां दर वेळीं त्यास मासा मिळतो असें नाहीं. हात हलवीत परत येण्याची पाळी त्याच्यावर वारंवार येते. अशा बुडीचें चित्र आम्ही "यांत कांहीं घडलेंच नाहीं" म्हणून पुसवीत असूं. परिणाम असा झाला कीं आमच्या निवडक संग्रहांतला प्रत्येक धीवर मासा घेऊनच वर येत होता. एकेक चित्र खरें, पण सगळीं मिळून जी हकीकत सांगत होतीं ती साफ खोटी! शाळेंत पहिल्या पांच मुलांच्याच उत्तरपत्रिका जपून ठेवाव्या आणि त्यांवरून वर्गाची परीक्षा करावी, तसाच हा प्रकार.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजाच्या बाणापुढें धांवणाऱ्या हरिणाचें जें वर्णन आहे तें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. हरिण मान वळवून मागें पाहतें, दमून उघडलेल्या तोंडांतलें अर्धें चावलेलें गवत वाटेवर सांडतें, आणि उड्या अशा कीं तें भूमीपेक्षां आकाशांतच अधिक असतें. त्या हरिणाचा एकही केंस कवीनें रेखीव काढलेला नाहीं. गवत मात्र सोडलेलें नाहीं. धांवतें जनावर आकाशांत असतें ही नुसती अतिशयोक्ति नव्हे, हें पुढें छायाचित्रानें दाखविलें. १८७८ सालीं अमेरिकेंत पालो आल्टो येथें मायब्रिज यानें १२ कॅमेरे ओळीनें मांडून धांवत्या घोडीचीं चित्रें घेतलीं. वाटेवर आडवे ताणलेले दोरे घोडीच्या धक्क्यानें ओढले जात आणि एकामागून एक शटर सुटे. तीं चित्रें पाहिलीं तर जवळजवळ सावल्याच आहेत. डोळ्याची कसोटी लावली तर बाराही बाद व्हावींत. परंतु घोड्याचे चारही पाय एका क्षणीं भूमीपासून सुटलेले असतात, आणि ते चित्रकार काढीत तसे पुढेंमागें ताणलेले नसून पोटाखालीं गोळा झालेले असतात, हें त्या सावल्यांनीं कायमचें ठरविलें. पुढें १८८२ सालीं फ्रान्समध्यें मारे यानें बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांचीं सेकंदास १२ चित्रें घेतलीं. आमच्या नातवाच्या यंत्राचा खापरपणजोबा म्हणावयाचा तो हाच.

आपल्या महाराष्ट्रांतील एक गोष्ट या विषयांत फारच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रानपिंगळा हें मध्य भारताच्या पानगळीच्या जंगलांत राहणारें लहानसें घुबड. ह्यूम यानें १८७३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १८८४ नंतर त्याचा पत्ता लागेना. जगांतील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकीं एक ब्रिटिश लष्करांतील कर्नल माइनर्टझागेन याच्या संग्रहांतला. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेंतील एक ठिकाण नीट लिहिलेलें होतें. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं तो नमुना बारकाईनें तपासला तेव्हां निघालें तें असें कीं, तो मुळांत डेव्हिडसन नांवाच्या दुसऱ्याच संग्राहकानें एकोणिसाव्या शतकांत मिळविलेला होता. कर्नलसाहेबांनीं तो संग्रहालयांतून लांबविला, पुन्हा नव्यानें भरला आणि त्यावर आपली चिठ्ठी लटकविली. ज्यांनीं त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध केला ते भलत्याच रानांत फिरले. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनीं खोट्या चिठ्ठ्या बाजूस सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग धरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, रानपिंगळा त्यांच्यापुढें झाडावर बसलेला सांपडला. तो मुलूख त्या वेळीं धुळे जिल्ह्यांत होता, आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे. ११३ वर्षांनीं दिसलेल्या त्या पक्ष्यास कोणीं गोळी घातली नाहीं. छायाचित्रें आणि चलच्चित्रण एवढ्यावरच त्याचें अस्तित्व जगानें मान्य केलें. उत्तम भरलेला नमुना खोटा ठरला आणि मिळेल त्या उजेडांत, मिळेल त्या अंतरावरून घेतलेलें चित्र प्रमाण ठरलें.

छायाचित्रांतही असें घडतें. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेंत २००९ सालीं पहिलें आलेलें चित्र म्हणजे फाटकावरून झेप घेणारा लांडगा. डोळा स्पष्ट, पाय पुरे, कोठें कांहीं कापलेलें नाहीं. आम्हीं तर त्यास शंभरांपैकीं शंभर दिले असते. लांडगा बहुधा पाळलेला व शिकविलेला होता असें दिसून आल्यावर जानेवारी २०१० मध्यें तें बक्षीस रद्द करण्यांत आलें.

आतां आमच्या मराठवाड्याकडे वळूं. मार्च २०२१ मध्यें गौताळा अभयारण्यांत आणि डिसेंबर २०२४ मध्यें धाराशिव जिल्ह्यांतील येडशी रामलिंग घाट अभयारण्यांत वनखात्याच्या आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांत वाघ आला. मराठवाड्यांत वाघ दिसेनासे होऊन कित्येक दशकें लोटलीं होतीं. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर हे दोघेही यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचे ठरले. म्हणजे शेतें, रस्ते, गांवें ओलांडीत ते शेंकडों किलोमीटर चालत आलेले. हे कॅमेरे झाडाला बांधलेले असतात, जनावर समोरून गेलें कीं आपोआप सुटतात. तेथें चौकट साधणारें कोणी नसतें. कधीं नुसती मांडी येते, कधीं निम्मी कूस. तरी अभ्यासक तीं अर्धीं चित्रें टाकीत नाहींत, कारण जसे दोन माणसांचे अंगठ्याचे ठसे तसे दोन वाघांचे पट्टे जुळत नाहींत. इतकेंच नव्हे, एकाच वाघाची डावी कूस उजव्या कुशीसारखी नसते. आज डावी मिळाली तर ती जपून ठेवावयाची आणि उजवीची वाट पाहावयाची. पक्ष्यांचेंही तसेंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेनें चालविलेल्या ई-बर्ड या नोंदवहींत एखादा दुर्मिळ पक्षी दिसल्याची नोंद केली तर पुरावा विचारतात, आणि पक्षी ओळखूं येत असेल तर हललेलें चित्रही तेथें चालतें.

हें सर्व वाचतां वाचतां आम्हांस आमचीच लाज वाटूं लागली, कारण ही गोष्ट आम्हांस नवी नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. सुकथनकर प्रभृति पंडितांनीं देशभरांतून हजाराहून अधिक हस्तलिखितें जमविलीं. त्यांत सुवाच्य व शुद्ध तेवढींच ठेवावीं आणि चुकांनीं भरलेलीं टाकावीं असें त्यांनीं केलें नाहीं. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणीं आढळली, तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असें अनुमान निघतें. म्हणजे चूकच त्यांचें गोत्र सांगते! उलट, ज्या लेखकूला संस्कृत बरें येत असे तो कठीण शब्द दिसला कीं आपल्या बुद्धीनें सोपा करून लिही, आणि खरा पाठ त्या नीटसपणाखालीं कायमचा गाडला जाई. हें आम्ही मुलांना रसभरित सांगत असूं. आणि घरांत मात्र लाल पेन्सिल घेऊन बसलों.

तो हुशार लेखकू हल्लीं संगणकांतही येऊन राहिला आहे. हललेलें चित्र स्पष्ट करून देणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. जें पीस चित्रांत आलेंच नाहीं तेंही ते आपल्या मनानें भरून देतात. भिंतीवर लावावयाच्या चित्रास तें चालत असल्यास चालो. पण समजा, ती पट्टकादंबाची मान आमच्यापाशीं असती आणि अक्षर अस्पष्ट असतें, तर या प्रोग्रॅमनें तेथें एक सुबक अक्षर काढून दिलें असतें आणि आम्हीं तें मंगोलियास कळविलें असतें. म्हणून आमच्या घरीं आतां असा नेम आहे कीं, दुरुस्त प्रत करावयाची तर वेगळी करावी; मूळ चित्रास हात लावूं नये.

येथवर वाचून कोणी असें म्हणेल कीं, मग सगळींच ठेवा. तसेंही नाहीं. अस्पष्ट चित्रापाशीं एक निराळाच मोह असतो: त्यांत जें पाहिजे असेल तें दिसूं लागतें. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत एप्रिल २००४ मध्यें एका उडत्या सुतारपक्ष्याचें कांहीं सेकंदांचें पुसट चलच्चित्रण मिळालें. नष्ट झाला असें मानलेला हस्तिदंती चोंचीचा सुतारपक्षी तो हाच, असें २००५ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत जाहीर झालें. इतर जाणत्यांनीं तेंच चित्रण पाहून तो तिकडचा दुसराच, नेहमींचा सुतारपक्षी आहे असें म्हटलें, आणि वाद मिटला नाहीं. त्या चित्रणास जेवढें सांगतां येत होतें त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेण्यांत आलें. ठेवलेल्या चित्राखालीं "पट्टा असावा" असें लिहावें. "पट्टा आहे" असें लिहूं नये.

पुसण्यासारखेंही पुष्कळ असतें. बगळा एका पायावर तासभर उभा राहिला आणि त्याचीं ४० चित्रें निघालीं, तर ३८ पुसावींत; त्यांत जुनी गोष्टच पुनः पुनः सांगितलेली असते. नुसतें आकाश, नुसतें पाणी, कॅमेरा खांद्यावरून उतरतांना निघालेलें आमच्या धोतराचें चित्र, हींही पुसावींत. (शेवटचें बंधूंनीं हट्टानें ठेवविलें आहे.) परंतु मोह पडतो तो याच्या नेमका उलट ठिकाणीं. चित्र चांगलें आलें नाहीं, म्हणून पुन्हा घेऊं असें वाटतें. मग बसलेला थवा उठावा म्हणून होडी पुढें घालतात, टाळ्या वाजवतात. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्यास आमच्या एका चौकटीसाठीं पुन्हा उडविणें हें पाप आहे. उन्हाळ्यांत नदी सुरय वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडीं घालतात. कॅमेरेवाला जवळ गेला कीं आई उठते, आणि मराठवाड्याच्या उन्हांत तीं अंडीं भाजून निघण्यास फार वेळ लागत नाहीं. जो लांबून मिळालेलें हललेलें चित्र घेऊन घरीं येऊं शकतो त्याच्याच हातीं भिंग द्यावें, असें आमचें मत झालें आहे. नातू याबाबतींत पहिल्यापासून संयमी आहे. हें आम्हीं शिकविलेलें नाहीं.

आतां घरांतली वहिवाट अशी आहे. ज्या दिवशीं चित्र काढलें त्या दिवशीं तें पुसावयाचें नाहीं. हंगाम संपल्यावर, आषाढांत, पाऊस लागला म्हणजे आम्ही दोघे बसतों. "कसें आलें आहे?" असें न विचारतां "यांत असें काय आहे जें दुसऱ्या चित्रांत नाहीं?" असें आम्ही विचारतों, आणि डोळा सोडून पाय, मान, चोंच, पाणी, मागचें झाड हेंही पाहतों. एका खेपेचीं चित्रें एकत्रच ठेवतों. त्यांतलें निवडक मूळ आकारांत, बाकीचीं लहान करून. २५ मेगाबाइटचें चित्र २–३ मेगाबाइटांत बसतें, आणि पट्टा असला तर तेवढ्यांतही बहुधा वाचतां येतो. प्रत्येकाशीं तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली असते, कारण ती नसेल तर सर्वांगसुंदर चित्रही मुकें. मतभेद झाला तर नातवाचें मत चालतें.

मतभेद होतातच. धीवराचें एक चित्र सध्यां वादांत आहे. त्यांत धीवर नाहींच. पाण्याचा उडालेला मुकुट, त्यांतून वर आलेलें काळ्यापांढऱ्या शेपटाचें टोक, आणि बाजूस एक बोटभर मासा हवेंत. मासा धीवराच्या चोंचींतून सुटला कीं धीवर येतांच घाबरून पाण्याबाहेर उसळला, हें सांगतां येत नाहीं. बंधू म्हणतात, "दादा, यांत आहे काय? पाणी." नातू तें एवढें मोठें करून पाहतो कीं त्याचे चौकोन दिसूं लागतात. आम्हीं दोघांस पुढल्या आषाढापर्यंत थांबावयास सांगितलें आहे.

दुसरी डिस्क घेतली. या हिवाळ्यांत पट्टकादंब पुन्हा आले, थोडेच, आणि फुगवट्याच्या पलीकडल्या कांठीं उतरले. नातवानें अलीकडूनच चित्रें घेतलीं. धुक्यामुळें एकही चांगलें आलें नाहीं. संध्याकाळीं आम्ही दोघांनीं एकेकाची मान पाहिली. कोणाच्याही मानेंत पट्टा दिसला नाहीं. एका पक्ष्याची मान सर्वच चित्रांत दुसऱ्याच्या आड राहिली आहे. तीं चित्रें ठेवलेलीं आहेत.